गाडी लीजवर घ्यावी की विकत?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. रोज कागल एमआयडीसी, महिन्यातून दोनदा पुणे. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात. लीज म्हणजे ठरावीक वर्षांसाठी गाडी भाड्यानं. लीजवाला म्हणतोय डाउन पेमेंट नको, इन्शुरन्स-सर्व्हिसिंग हप्त्यातच. आमचे आबा म्हणतात, "लोकाची गाडी दारात कशाला?" काय करू?

गंगावेशकर: भावा, आधी किलोमीटरची मर्यादा वाच. वर्षाला दहा हजारांची असली तर तुझी गणपतीच्या आतच संपली. आमच्या मेहुण्यानं लीजची गाडी परत दिली, तर बंपरवरच्या बोटभर ओरखड्याचे पैसे कापले. जोतिबाच्या पार्किंगात पडलेला. मधेच सोडायची म्हटलं तर दंड वेगळा.

हिशेबनीस: वर्कशॉपच्या नावावर विकत घेतलीत तर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, म्हणजे गाडीची किंमत उतरते म्हणून तेवढी रक्कम करपात्र नफ्यातून वजा होते. लीजमध्ये घसारा नाही, भाडं खर्चात जातं. पण त्यावर जीएसटी लागतो. दर तीन वर्षांनी नवी गाडी हवी असेल तरच लीजचा विचार करा. किती वर्षं वापरणार?

मूळ प्रश्नकर्ता: मोडेपर्यंत! आत्ताची बारा वर्षं झाली. पावसाळ्यात तेवढी ढकलावी लागते, आबा स्टिअरिंगवर, मी मागं चिखलात.

गंगावेशकर: मग विचारतोस कशाला लेका, विकतच घे.