छपरावरचा सौर संच वायरमनच्या जिवावर उठला आहे काय?

कृष्णाकाठ, सांगली : "सौर पॅनेल म्हणजे घरोघरी टांगलेला मृत्यू; लाइट गेली तरी ते तारेत वीज सोडतच राहते", ही कालची पोस्ट वाचून गप्प बसवले नाही. लाइनला जोडलेला सौर संचातला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज लाइनच्या विजेत बदलणारे यंत्र) लाइनची ५० हर्ट्झची लय धरूनच चालतो आणि ती लय अधूनमधून किंचित ढकलून पाहतो. लाइन जिवंत असेल तर ती हलत नाही, मेली असेल तर सरकते आणि संच बंद पडतो. हे २ सेकंदांत घडले पाहिजे, अशी अट केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांतच आहे. लाइट गेली की माझ्याकडे भर उन्हात पंखासुद्धा फिरत नाही, तो याचमुळे.

निवृत्त वायरमन, मिरज : ती पोस्ट माझीच आहे. कामाचे लेखी परमिट घेऊन, खांबावरचा लाइन तोडणारा एबी स्विच उघडून आम्ही डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर, जंपर (जोडतार) बदलायला चढलो होतो. हात लावण्यापूर्वी तारा जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी टाकली, तर निळा जाळ उडाला. खालच्या मंगल कार्यालयाने चेंजओव्हर (जनरेटर चालू असताना लाइन तोडणारा स्विच) न बसवताच जनरेटर लावला होता आणि तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालून वर ११ हजार व्होल्ट तयार करत होता. साखळी विसरलो असतो, तर आज हे लिहायला मी नसतो.

कृष्णाकाठ : काका, गुन्हा जनरेटरचा आणि शिक्षा सौर संचाला, हा कुठला न्याय?

लघुउद्योजक, कुपवाड : तुमचे भांडण चालू द्या, पण माझे ऐका. रविवारी वसाहतीतले कारखाने बंद असतात, वीज ओढणारे कोणी नसते, त्यामुळे दुपारी व्होल्टेज २५५ च्या वर जाते आणि लाइनच्या टोकाला असलेला माझा संच बंद पडतो. डीपीजवळच्यांचे संच मात्र सुखाने चालतात. पैसे मीही तितकेच मोजले आहेत! शेवटी संच बसवणाऱ्या मुलाने सेटिंगमध्ये मर्यादाच वाढवून दिली, तेव्हापासून त्रास नाही.

निवृत्त वायरमन : वाचलेत ना, कृष्णाकाठ? नियम २०१३ चा असो की कालचा, तो लॅपटॉपवरच्या एका बटणात मोडतो. आज व्होल्टेजची मर्यादा वाढवली, उद्या तक्रार आली तर वारंवारतेचीही, म्हणजे त्या ५० हर्ट्झच्या लयीचीही, वाढवतील. मग तुमची ती सरकणारी लय पकडणार कोण?

लघुउद्योजक, कुपवाड : मग मी काय उत्पन्न बुडवून बसू? व्होल्टेज उतरावे यासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदला म्हणून तीनदा अर्ज दिला, दाद नाही.

कृष्णाकाठ : अर्जाबाबत तुमचे बरोबर आहे, सेटिंगबाबत मुळीच नाही. ती आधी पूर्ववत करून घ्या. आणि काका, एका डीपीवर अनेक संच असले आणि त्यांची वीज तिथल्या वापराशी तंतोतंत जुळली, तर लाइन मेल्याची ओळख पटायला उशीर होऊ शकतो, एवढे मी मान्य करतो. पण असा योग क्वचितच येतो.

निवृत्त वायरमन : क्वचितच्या दिवशी खांबावर तुम्ही नसता, माझा मुलगा असतो. तरीही सेटिंगला हात न लावलेल्या चांगल्या इन्व्हर्टरशी माझे भांडण नाही. "घरोघरी" हा शब्द मी मागे घेतो. "मृत्यू" घेत नाही.