मदत हवी आहे: ड्रेसिंग बदलण्याची रुग्णाची धास्ती कशी मोजता?

पायावरचा शिरांचा जुनाट व्रण. कोरडा गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) चिकटतो, ओढला की नवी कोवळी त्वचा सोलून निघते. त्यावर उपाय सोपा: कोमट सलाइनने दहा मिनिटं भिजवायचं, कडेकडून सोडवायचं, मग सिलिकॉनचं ड्रेसिंग. वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी.

अडतं ते पुढे. दुखणं कमी झालं तरी आदल्या रात्रीची झोप उडालेलीच, आणि वास येईल म्हणून माणूस चारचौघांत बसत नाही. ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, जखम रेंगाळते. १९९५च्या एका अभ्यासात आजारी नातलगाची शुश्रूषा करणाऱ्यांची ३.५ मिमीची जखम भरायला इतरांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले.

वेदना ०-१०वर नोंदवतो, धास्ती कशावर नोंदवता? समुपदेशकाकडे नेमकं कधी पाठवता?