बी विंगमागचा पाला आणि आंब्याची फांदी

(सोसायटी ग्रुप, शाहूनगर, सातारा. जुलै, सोमवार)

सकाळी ७.१२, मोहिते काका बी-१०२: सर्वांना नमस्कार. आज सलग पाचवा दिवस. मागच्या पायवाटेवर सगळा पाला विस्कटलेला. रात्री मी स्वतः बॅटरी घेऊन बघितलं, वाट स्वच्छ होती. मावशींना आपण पैसे कशाचे देतो? फोटो टाकलाय.

७.१५, सुवर्णाताई बी-३०१: काका, मावशी साडेआठला येतात. सातच्या पाल्याला त्या काय करणार?

७.१६, मोहिते काका: मी कुणाला दोष दिलेला नाही. फक्त विचारलं.

७.१७, सुवर्णाताई: विचारलं ते मावशींबद्दलच विचारलं ना.

७.२१, निकम ए-२०४: पोरं असतील ओ.

७.२२, निकम वहिनी: आपली पोरं सातला उठायला लागली तर मी मारुतीला नारळ फोडीन 😄

७.३०, साळुंखे बी-२०१: मुळावरच घाव घाला. वाटेवर आलेली आंब्याची फांदी रविवारी कापायची ठरलंय. मे महिन्याच्या मिनिट्समध्ये आहे. माझ्या गाडीच्या काचेवर रोज चिकट थर बसतोय.

७.४८, पवार मॅडम बी-२०४: पाला कोण उडवतंय ते सापडलं. आत्ता खिडकीतून व्हिडिओ घेतलाय. आवाज करू नका, अजून तिथंच आहे.

७.५१, निकम: आयला, पक्षी! चोचीनं पान धरून सरळ मागं भिरकावतोय.

७.५२, मोहिते काका: हा तर खंड्या.

७.५५, पवार मॅडम: नाही काका. खंड्याची चोच केवढी लांब आणि लालभडक, तो तारेवर बसून खाली झेप घेतो. हा पाल्यात चालतोय. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा ठिपका. झूम करून बघा, डोळ्याखाली दोन उभे काळे पट्टे आहेत, काजळाचं बोट ओढल्यासारखे. नारिंगी डोक्याचा कस्तूर.

७.५८, निकम: मोबाईलवर फोटो शोधला तर साँग थ्रश दाखवतोय.

८.०३, पवार मॅडम: तो याच्याच गोत्रातला, पण युरोपातला. बागेत, रानात तिकडं सर्रास दिसतो. त्याच्या छातीवर तपकिरी ठिपके असतात आणि गोगलगाय दगडावर आपटून फोडायची त्याची खोड प्रसिद्ध आहे. आपल्याकडं तो नाही. याच्या छातीवर एक ठिपका दाखवा मला.

८.०५, साळुंखे: माहितीबद्दल धन्यवाद. फांदी रविवारी. मिनिट्समध्ये आहे.

८.१०, जाधव आजोबा ए-१०१: महाबळेश्वरला पहाटे माणसासारखी शीळ घालतो तो हाच का? आमच्या लहानपणी त्याला गुराखी म्हणायचे.

८.१४, पवार मॅडम: आजोबा, तो शीळकरी कस्तूर. अंगानं मोठा, निळाकाळा, ओढ्याच्या खडकांवर असतो. हा मैनेपेक्षाही थोडा लहान, दाट सावलीतला. गातो मात्र हाही सुंदर, पावसाळ्यातच. मध्येच बुलबुलाची, शिंपी पक्ष्याची नक्कल करतो. गेल्या आठवड्यात पहाटे एवढे बुलबुल कुठून आले म्हणून मी दोनदा गॅलरीत आले होते. आज कळलं.

८.१७, जाधव आजोबा: छान सांगितलंत मॅडम. मी रोज ऐकतो. कोण ते माहीत नव्हतं.

८.२०, मोहिते काका: ते सगळं ठीक. पण पाला उचलायचा कुणी? पाचवा दिवस आहे.

८.२४, पवार मॅडम: काका, ओल्या पाल्याखाली किडे, गांडुळं असतात, तेच त्याचं जेवण. सकाळ-संध्याकाळ उजेड कमी असताना तो बाहेर पडतो. चाहूल लागली की आवाज न करता खालच्या फांदीवर जाऊन थिजून बसतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. माझं म्हणणं, वाफ्यातला पाला अजिबात काढू नये. फक्त वाट झाडावी.

८.२६, सुवर्णाताई: म्हणजे मावशींचं काम उलट कमी झालं. काका, दिलगिरी तेवढी राहिली.

८.२७, मोहिते काका: सुवर्णा, तू प्रत्येक वेळी हेच करतेस. पाण्याच्या टँकरच्या वेळीही असंच केलंस.

८.२८, सुवर्णाताई: टँकरचा विषय काढणार असाल तर मग हिशोबही काढा.

८.२९, सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. 🙏

८.४१, पवार मॅडम: महत्त्वाचं. मी खाली जाऊन आले. जी फांदी कापायची आहे तिच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर घरटं आहे. काटक्या, शेवाळ, मुळ्यांची उथळ वाटी. मादी बसलेली आहे, तिची पाठ नरापेक्षा तपकिरी. मी लगेच मागं सरले. रविवारी फांदी कापू नका, हात जोडून सांगते.

८.४३, साळुंखे: मिनिट्समध्ये आहे. सह्या आहेत.

८.४६, पवार मॅडम: सह्या झाल्या तेव्हा घरटं नव्हतं, साळुंखे साहेब. दोघं मिळून १३-१४ दिवस अंडी उबवतात, मग पिल्लं साधारण १२ दिवसांत घरट्याबाहेर पडतात. महिनाभराचा प्रश्न आहे. आणि घरटं मोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

८.४८, साळुंखे: कायदा दाखवून बोलायची गरज नव्हती. मी काय पक्षीद्वेष्टा आहे का? काच माझी खराब होते, तुमची नाही.

८.५२, पवार मॅडम: चुकलं, सूर चढला. गाडीवर टाकायला आमचं मोठं कव्हर देते. संध्याकाळी आणून देऊ का?

८.५३, साळुंखे: बघू.

८.५५, निकम: मांजरांचं काय? गेटवर रोज दूधभात ठेवला जातो, कोण ठेवतं सगळ्यांना ठाऊक आहे. बोका त्या आंब्यावर चढतो.

८.५७, शिंदे काकू ए-३०३: माझं नाव घ्या ना सरळ. मुकी जनावरं आहेत ती.

८.५८, निकम: घरट्यातली पण मुकीच आहेत काकू.

९.०६, शिंदे काकू: भांडं उद्यापासून ए विंगच्या पुढच्या बाजूला ठेवते. पिल्लं उडेपर्यंत. माझ्यामुळं त्यांना काही झालेलं मला चालणार नाही.

९.१०, सेक्रेटरी: फांदीचं काम पुढं ढकलत आहे, नवीन तारीख घरटं रिकामं झाल्यावर. पायवाट रोज, वाफा नाही, हे मावशींना मी सांगतो. मुलांना झाडाखाली पाठवू नये.

९.११, साळुंखे: मिनिट्समध्ये दुरुस्ती करा मग. तारखेसह.

९.१५, मोहिते काका: वाटेवरचा पाला सकाळी मी ढकलीन आत. तसाही पाचला उठतो. खराटा कुठं असतो?

९.१६, सुवर्णाताई: मीटर रूमच्या मागं, काका. आणि सातच्या आत जाऊ नका, ते दोघं तेव्हा खाली असतात.