घरच्यांनी करून घेतलेला व्यायाम

असा एक मुद्दा मांडला जातो की, पक्षाघातानंतर घरच्याच माणसाला व्यायाम शिकवला, तर फिजिओथेरपिस्टची गरज उरत नाही. नेमकी हीच कल्पना भारतात पद्धतशीरपणे तपासली गेली आहे. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांच्या घरच्या माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण देऊन, पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी व्यायाम करून घ्यायला सांगितले होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष मात्र निराश करणारा होता : सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते.

यावरून व्यायाम निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नये. तुलना नेहमीच्या उपचारांशी होती, काहीच न करण्याशी नव्हे. माझ्या सासऱ्यांना आम्ही रोज उजव्या हाताने सदऱ्याची बटणे लावायला बसवत असू. ते बोटांऐवजी खांदा उचलून वेळ मारून नेत, आणि आम्ही त्याचेच कौतुक करत होतो! फिजिओथेरपिस्टबाईंनी कोपर टेबलावर टेकवायला लावले, तेव्हा कुठे बोटे कामाला लागली.