अनुभव धागा: अल्पपरिचित कार्यप्रणालीवर ऑनलाइन व्हिडिओ चालवताना आलेल्या अडचणी आणि त्यांचे उपाय

फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी किंवा हायकू यांसारखी कार्यप्रणाली रोजच्या वापरासाठी निवडणाऱ्यांचे लेखन, पत्रव्यवहार किंवा प्रोग्रामिंग सहसा अडत नाही. अडते ते ऑनलाइन व्हिडिओपाशी. ‘व्हिडिओ चालत नाही’ एवढ्या एका तक्रारीमागे अगदी वेगवेगळी कारणे असतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लोड झालेला नसतो, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) यंत्राला झेपत नाही, आवाज भलत्याच ठिकाणी जात असतो, किंवा संरक्षित व्हिडिओसाठी लागणारा डीआरएमचा (नक्कल रोखणाऱ्या कुलूपबंदीचा) घटक त्या प्रणालीसाठी उपलब्धच नसतो. यांपैकी एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी निदान आणि मगच बदल, असा माझा आग्रह आहे. आपला अनुभव लिहिताना कार्यप्रणालीची आवृत्ती, ग्राफिक्स चिप आणि ब्राउझर यांची नोंद करावी, आणि नेमका कोणता बदल केल्यावर फरक पडला हे अवश्य सांगावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

पुणे, फ्रीबीएसडी

इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर मी फ्रीबीएसडी १४.० वरून १४.१ वर गेलो आणि त्यानंतर प्रत्येक व्हिडिओ अडखळू लागला. प्रोसेसरचा वापर कमालीचा वाढला होता आणि पंखा थांबत नव्हता. ब्राउझर बदलण्याआधी लोड झालेल्या कर्नल मॉड्यूलांची (प्रणालीच्या गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या भागांची) यादी पाहिली, तेव्हा त्यात आय९१५केएमएस हे इंटेल ग्राफिक्सचे मॉड्यूलच नव्हते. फ्रीबीएसडीवर ग्राफिक्सचे ड्रायव्हर ‘डीआरएम-केमॉड’ या पॅकेजातून येतात (या नावातील डीआरएमचा संरक्षित आशयाशी काही संबंध नाही, नवख्यांचा येथे हमखास गोंधळ होतो). तयार पॅकेजे त्या शाखेतील सर्वांत जुन्या समर्थित आवृत्तीवर बांधली जातात, त्यामुळे प्रणाली पुढच्या उपआवृत्तीवर गेली की कर्नल मॉड्यूल तिच्याशी जुळेलच याची खात्री नसते. मॉड्यूल लोड झाले नाही तर सगळे चित्र प्रोसेसरच रंगवतो आणि त्यात व्हिडिओचा पहिला बळी जातो. मी हे पॅकेज पोर्ट्समधून (स्रोतापासून पॅकेज बांधण्याच्या फ्रीबीएसडीच्या संग्रहातून) माझ्याच कर्नलवर बांधून घेतले, माझे खाते ‘व्हिडिओ’ या गटात आहे ना हे तपासले, आणि ‘व्हीएइन्फो’ चालवून चिप कोणते कोडेक हाताळते त्याची यादी मिळते आहे याची खात्री केली. अडखळणे पूर्ण थांबले. १४.२ पासून कर्नल मॉड्यूलांसाठी वेगळे पॅकेज-भांडार सुरू झाले आहे, त्यामुळे नव्या वापरकर्त्यांचा हा त्रास बराच कमी व्हावा.

कोल्हापूर, फ्रीबीएसडी

मी महाविद्यालयात शिकवते आणि एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाची व्याख्याने नियमित पाहते. माझा लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे. पुणेकर सहकाऱ्यांनी सांगितलेले सर्व काही माझ्याकडे व्यवस्थित असूनही १०८० ओळींचा व्हिडिओ अडखळत होता. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की कोडेकचे नाव आणि गाळलेल्या चौकटींची (फ्रेम्सची) संख्या दिसते. तेथे व्हीपी९ दिसत होता आणि गाळलेल्या चौकटी सतत वाढत होत्या. व्हीपी९ संपूर्णपणे हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ साठी तर अकरावी पिढी लागते. माझी चिप एच.२६४ मात्र उत्तम हाताळते. म्हणून ब्राउझरमध्ये एच.२६४ हाच कोडेक मागणारे एक्स्टेन्शन बसवले आणि लांब व्याख्यानांसाठी एमपीव्ही (व्हिडिओ प्लेअर) आणि वायटी-डीएलपी (संकेतस्थळावरून व्हिडिओ मिळवणारे साधन) यांची जोडी वापरू लागले. एमपीव्हीत हार्डवेअर डीकोडिंग मुळात बंद असते. ‘एचडब्ल्यूडेक’ हा पर्याय ‘ऑटो’ ठेवावा लागतो, आणि व्हिडिओ चालू असताना आय ही कळ दाबल्यास तो खरोखर वापरात आहे की नाही हे पडद्यावरच कळते. पाचव्या पिढीच्या आधीच्या चिपांसाठी जुना ‘लिबव्हीए-इंटेल-ड्रायव्हर’ लागतो, नव्या चिपांसाठी ‘मीडिया-ड्रायव्हर’. ही निवड चुकली तर व्हीएइन्फोची यादी रिकामी येते. फळ्यावरची गणिते वाचायला ७२० ओळी मला पुरतात, आणि तेवढ्याच मागवल्यावर यंत्र तापतही नाही.

म्युनिक, जर्मनी, फ्रीबीएसडी

आम्ही येथे एका सशुल्क सेवेवर मराठी चित्रपट पाहतो, आणि माझी अडचण वरील दोघांपेक्षा अगदी वेगळी होती. इतर सर्व व्हिडिओ सुरळीत चालत, पण या सेवेवर काळा पडदा आणि त्रुटीचा संदेश येई. अशा सेवांचे व्हिडिओ कूटबद्ध असतात आणि ते उघडण्यासाठी ब्राउझरला वाइडवाइन हा घटक लागतो. त्याची फ्रीबीएसडीसाठी अधिकृत आवृत्ती नाही, लिनक्ससाठी आहे. सुदैवाने फ्रीबीएसडीत लिनक्सचे प्रोग्राम चालवणारा ‘लिनक्सुलेटर’ आहे. त्यावर दोन मार्ग निघतात: उबुंटूची मूलभूत प्रणाली वेगळ्या डिरेक्टरीत बसवून तिच्यातून लिनक्सचे क्रोम चालवणे, किंवा ‘फॉरिन-सीडीएम’ या पोर्टच्या साहाय्याने मूळच्याच ब्राउझरला लिनक्सचा वाइडवाइन जोडणे. मी पहिला मार्ग घेतला, कारण तो मोडला तरी रोजच्या ब्राउझरला धक्का लागत नाही. चित्राची प्रत मात्र मर्यादित राहते: केवळ सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या वाइडवाइनला एल३ ही सर्वांत खालची पातळी मिळते, आणि अनेक सेवा त्या पातळीला उच्च प्रतीचे चित्र देत नाहीत. सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी यावर उपाय सापडणार नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. परदेशस्थांसाठी आणखी एक सूचना करतो. एखादा चित्रपट त्या देशात उपलब्ध नसल्याचा संदेश हा हक्कांचा प्रश्न असतो. तोच चित्रपट घरातील फोनवरही उघडत नसेल, तर संगणकाच्या प्रणालीत हात घालण्याचे कारण नाही.

नागपूर, फ्रीबीएसडी

चित्र उत्तम, आवाज नाही. ‘एसएनडीस्टॅट’ ही आवाजाच्या उपकरणांची यादी वाचल्यावर दिसले की आवाजाचे मुख्य उपकरण म्हणून मॉनिटरची एचडीएमआय वाहिनी निवडली गेली आहे आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. मुख्य उपकरण ठरवणाऱ्या ‘डीफॉल्ट-युनिट’ या सेटिंगचा क्रमांक बदलला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, आणि आवाज आला.

पणजी, ओपनबीएसडी

ओपनबीएसडीवर ‘अडचण’ वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी जाणीवपूर्वक घेतलेले सुरक्षेचे निर्णय असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. फायरफॉक्सने डिस्कवरचा व्हिडिओ उघडला नाही, तर ती फाइल कुठे आहे ते पाहावे. ‘अनव्हेल’ या यंत्रणेमुळे ब्राउझरला आपल्या डाउनलोड्स फोल्डरपलीकडचे फारसे काही दिसतच नाही. ऑनलाइन बैठकीत समोरच्याला आपला आवाज पोहोचत नसेल, तर ‘कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड’ ही सेटिंग शून्यावर आहे का ते पाहावे, कारण २०१८ पासून ध्वनिमुद्रण मुळातच बंद ठेवलेले असते. कॅमेऱ्यासाठी असाच वेगळा पर्याय आहे. हायपरथ्रेडिंगही (प्रोसेसरच्या एका गाभ्यावर एकाच वेळी दोन कामे चालवण्याची सोय) बंद असते, त्यामुळे प्रोसेसरवर व्हिडिओ उलगडताना तेच यंत्र दुसऱ्या प्रणालीपेक्षा संथ वाटू शकते. ती चालू करण्याची सोय आहे, पण मी ती वापरलेली नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. व्हिडिओची प्रत एक पायरी खाली आणणे मला अधिक योग्य वाटते.

नाशिक, हायकू

बीओएस या जुन्या कार्यप्रणालीचा वारसा पुढे नेणाऱ्या या प्रणालीचे काम २००१ मध्ये सुरू झाले आणि तिची पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. हायकूत व्हिडिओ उलगडण्याचा सगळा भार प्रोसेसरवर असतो, त्यामुळे ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. वेबपॉझिटिव्ह या मूळ ब्राउझरवर व्हिडिओ-संकेतस्थळे भरवशाची वाटत नाहीत. एमपीव्हीला थेट दुवा देऊन एच.२६४ मधील ७२० ओळींची आवृत्ती मागवली की माझ्या साध्या यंत्रावरही ती सलग चालते. संरक्षित चित्रपटांचा नाद मी येथे सोडून दिला आहे.

डोंबिवली, फ्रीबीएसडी

उपशीर्षकांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. एमपीव्हीत मराठी उपशीर्षकांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर फाइल बिघडलेली नसून देवनागरी फाँट नसतो. नोटो किंवा लोहित यांपैकी कोणताही देवनागरी फाँट बसवल्यावर माझ्याकडे अक्षरे उमटली. चौकोनांऐवजी अगम्य लॅटिन चिन्हे दिसली, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये नसण्याची शक्यता अधिक. ती टेक्स्ट एडिटरमध्ये योग्य एन्कोडिंगने उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे तुटतात, असे कोणाकडे होत असेल, तर एमपीव्ही आणि लिबअ‍ॅस (उपशीर्षके रंगवणारी लायब्ररी) यांच्या आवृत्त्या येथे नोंदवाव्यात, कारण जोडाक्षरे जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी लिबअ‍ॅसमार्फतच वापरली जाते आणि तपास तेथूनच सुरू करावा लागेल.