जुन्या दुनळी बंदुकांचा स्नेहमेळावा: काय नुसते पाहावे आणि काय चालवावे?

प्रभातरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही पुण्यातील काही परवानाधारक स्नेही दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, शहराजवळच्या एका परवानाप्राप्त नेमबाजी रेंजवर सकाळभर जमणार आहोत. स्पर्धा ठेवायची नाही. प्रत्येकाकडे वडिलांकडून किंवा सासऱ्यांकडून आलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; अंक मोठा तशी नळी अरुंद) जुनी दुनळी आहे. परवान्याचे नूतनीकरण किंवा निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करणे, एवढ्याच निमित्ताने ती कपाटाबाहेर निघते. एकमेकांच्या बंदुका निवांतपणे हातात घेऊन पाहाव्यात आणि ज्या चालवण्याजोग्या असतील त्यांनी हवेत उडवलेल्या थोड्या क्लेच्या (मातीच्या) चकत्या फोडाव्यात, एवढाच बेत आहे.

माझी वेब्ली अँड स्कॉट कंपनीची साधी बॉक्सलॉक (बार उडवणारी यंत्रणा, म्हणजे लॉक, मधल्या सांगाड्यात असलेली) आहे. एका स्नेह्यांकडे लंडनची साइडलॉक (तीच यंत्रणा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर असलेली) आहे, आणि दुसऱ्यांकडे बाहेर घोडे (बार उडवणाऱ्या हातोड्या) असलेली, दमास्कस नळ्यांची बर्मिंगहॅमची बंदूक आहे, जिच्यावरून नजर हटत नाही. ही दमास्कस चालवावी का, काडतुसे कोणती घ्यावीत, बंदुका मांडाव्यात कशा आणि एकाची बंदूक दुसऱ्याने चालवलेली चालते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बाराबोअर

फार चांगला बेत आहे. मात्र चालवण्याचा निर्णय बंदुकीवरचे नाव पाहून करू नका. नाव लॉकच्या पट्टीवर कोरलेले असते, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असते. पुढचे लाकूड उतरवून नळ्या वेगळ्या केल्या की तेथे प्रूफ हाउसचे शिक्के दिसतात. इंग्लंडात लंडनचे प्रूफ हाउस सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅमचे १८१३ पासून नळ्यांची चाचणी घेत आले आहे. १९०४ च्या नियमांपासून धूरविरहित, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या, दारूसाठी चाचणी झालेल्या नळ्यांवर ‘एनपी’ ही अक्षरे येतात. बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात त्यांच्यावर मुकुट असतो आणि लंडनच्या शिक्क्यात तलवार धरलेला चिलखती हात असतो. ही अक्षरे नसतील आणि केवळ काळ्या (जुन्या, धुराच्या) दारूच्या चाचणीचे शिक्के असतील, तर आजचे काडतूस त्या नळीत घालण्याचा प्रश्नच येत नाही.

दमास्कस नळी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून आणि ठोकून सांधलेली असते. तिच्यावरची नक्षी वरून काढलेली नसते, ती धातूतच असते. दमास्कस म्हणजे भंगार हा समज चुकीचा आहे, कारण कित्येक दमास्कस नळ्या धूरविरहित दारूच्या चाचणीत उतरल्या आहेत. पण शिक्का त्या दिवसापुरता खरा असतो. पुढच्या शंभर वर्षांत कोणी गंज काढण्यासाठी नळी आतून घासली असेल, तर भिंत पातळ झालेली असते आणि ते डोळ्यांना कळत नाही. भिंतीची जाडी मोजण्याचे गेज असलेल्या कारागिराकडूनच ती तपासून घ्यावी. इंग्लंडातील व्यवसायात वीस हजारांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही खालची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. असे मोजमाप झाले नसेल तर तुमच्या स्नेह्यांची बंदूक फक्त पाहावी, आणि माझ्या मते मेळाव्याचा निम्मा आनंद तीच देईल.

आता काडतुसांविषयी, कारण बहुतेक लोक येथेच फसतात. जुन्या इंग्लिश बारा बोअरचा चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसण्याचा मागचा भाग, बहुधा अडीच इंचांचा, म्हणजे ६५ मि.मी. काडतुसाचा असतो. आपल्या दुकानांत सहज मिळणारे काडतूस ७० मि.मी.चे असते. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे ७० मि.मी.चे न उडालेले काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये विनासायास बसते, बंदूक बंदही होते, आणि सारे ठीक आहे असे वाटते. चाप ओढल्यावर मात्र काडतुसाचे तोंड उघडून चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छऱ्यांची वाट अडते आणि दाब वाढतो. ‘बसते आहे ना’ ही कसोटी येथे निरुपयोगी आहे. शिक्क्यांत चेंबरची लांबी नसेल तर ती मोजून घ्यावी. ६५ मि.मी.ची, २४ ते २८ ग्रॅम शिशाच्या छऱ्यांची काडतुसे मिळाली तरच चालवावे. चकती अवघी ११० मि.मी. व्यासाची असते, ती फोडायला जड बार लागत नाही. पोलादी छरे जुन्या, चोक असलेल्या (तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या) नळीत घालू नयेत.

मुळशीचा वारा

इतका व्याप कशाला? एखाद्या मित्राच्या फार्महाउसवर जमावे, दोन-चार बार हवेत काढावेत, जेवावे आणि परत यावे. आमच्या आजोबांच्या काळी असेच होत असे.

काळा कोट

आजोबांच्या काळी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही नव्हता. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार लग्नकार्यात, सभा-समारंभात किंवा धार्मिक स्थळी आनंदापोटी गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बार काढायचे असतील तर ते रेंजवरच काढावेत. फार्महाउसवर जेवण ठेवावे.

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना आवडणार नाही. कलम ३ मधील सवलत परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने शस्त्र नेण्यापुरती आहे, आणि तीही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा खुद्द परवानाधारकाचा वापर यांसाठी आहे. मित्राने ‘जरा दोन बार काढून बघतो’ म्हणणे त्यात बसत नाही. रेंजच्या किंवा क्लबच्या परवान्याखाली सदस्यांच्या सरावाची तरतूद असेल तर ती कोणाला आणि कोणत्या शस्त्रासाठी लागू आहे, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. तसे उत्तर मिळेपर्यंत ज्याची बंदूक त्यानेच चालवावी. रेंज पुणे आयुक्तालयाच्या हद्दीत आहे, २०१८ पासून स्वतंत्र झालेल्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आहे की ग्रामीण भागात, हेही आधी पाहावे, म्हणजे कोणाला कळवायचे ते ठरेल. प्रत्येकाच्या परवान्यावरचे क्षेत्र आणि मुदत तपासावी. बंदूक रिकामी, पेटीत आणि काडतुसे वेगळी, असाच प्रवास करावा.

बाराबोअर

काळा कोट यांच्याशी सहमत आहे. त्या दुरुस्तीतला आणखी एक मुद्दा या विषयाशी जोडलेला आहे. सामान्य परवानाधारकाला वारशाने आलेले धरूनही आता दोनच शस्त्रे ठेवता येतात. लंडनचे कारागीर एकाच माणसासाठी बंदुकांची जोडी बनवीत, म्हणजे तो एक चालवी तोवर मागे उभा असलेला मदतनीस दुसरी भरे; त्यांच्यावर सोन्यात १ आणि २ हे अंक बसवलेले असत. अशी जोडी ज्याच्या घरी असेल त्याचा कोटा तेथेच पूर्ण होतो. तुमच्या स्नेह्यांच्या साइडलॉकवर असा अंक आहे का, हे जरूर पाहा.

सदाशिव पेठेतील गृहस्थ

मांडणीविषयी थोडे लिहितो. टेबलावर स्वच्छ धुतलेली सोलापुरी चादर अंथरावी; घोंगडी अंथरू नये, कारण तिच्यात अडकलेली कचकच दस्त्याच्या अक्रोडी लाकडावर ओरखडे काढते. प्रत्येक बंदूक उघडी आणि रिकामी ठेवावी, आणि त्या टेबलाजवळ एकही काडतूस येऊ देऊ नये. दुसऱ्याच्या हाती देताना रिकामे चेंबर आधी दाखवावे आणि मग दस्त्याची बाजू पुढे करावी. घेणाऱ्याने अंगठ्या, कडे आणि मनगटी घड्याळ काढून ठेवावे. मालकाला विचारल्याशिवाय चाप ओढून पाहू नये. मालकाची हरकत नसेल तर स्नॅप कॅप (सरावाचे खोटे काडतूस) घालूनच ओढावा, नाहीतर फायरिंग पिन तुटू शकते.

साइडलॉक लंडनच्या पर्डी या कारागिरांची असेल तर तिच्या मालकांना एक विनंती करावी. १८८० च्या बीझली पेटंटवर आधारलेली ती रचना उघडताना स्प्रिंगच्या जोराने आपणहून उघडते, त्यामुळे बंद करताना जोर लागतो. हे माहीत नसलेला माणूस ती अडकली आहे असे समजून झटका देतो. मालकांनी प्रत्येकाला एकदा उघडून, बंद करून दाखवावे. बॉक्सलॉकला कमी लेखू नये, हेही येथे सांगतो. वेस्टली रिचर्ड्स या कंपनीच्या अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये काढलेली ती रचना इतकी सुटसुटीत आहे की जगभरच्या दुनळ्या तिच्यावर बनल्या. कोरीवकामात साइडलॉक पुढे असेल, पण पावसाळी पुण्यात मला वेब्लीच अधिक भरवशाची वाटते.

बाराबोअर

रेंजवरच्या काही गोष्टी राहिल्या. कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण सर्वांनी वापरावे, प्रेक्षकांनीसुद्धा. पहिल्या काही बारांना एकाच नळीत काडतूस घालावे, कारण दोन चापांची सवय नसलेल्याचे बोट धक्क्याने मागच्या चापावर जाते. सलग बार काढल्यावर नळ्या तापतात आणि दुनळीचे पुढचे लाकूड अरुंद असल्याने बोटे थेट नळीला लागतात. चामड्याचे हातसंरक्षक किंवा मोजा हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी वीस बोअरची बंदूक आणणार असेल तर तिची काडतुसे त्या सकाळी आणू देऊ नका. वीसचे काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते, चेंबर रिकामे दिसते, त्यावर बाराचे काडतूस भरले जाते आणि चाप ओढताच नळी फुटते.

प्रभातरोडकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वेब्लीचा चेंबर ६५ चाच आहे, म्हणून काडतुसे मिळाली तरच ती चालेल. दमास्कसची जाडी मोजलेली नाही, तेव्हा ती टेबलावरच राहील. रेंजला पत्र लिहिले आहे. एक उपप्रश्न आहे. खंडेनवमीला पूजा झाल्यापासून माझ्या बंदुकीच्या कोरीवकामात तांबूस डाग दिसतात. ते कुंकवाचे असावेत की गंजाचे?

सदाशिव पेठेतील गृहस्थ

दोन्ही असू शकते. कुंकू नक्षीच्या खाचांत बसते, ओलावा धरून ठेवते आणि त्याच्याखाली गंज सुरू होतो. मऊ दातब्रश आणि बंदुकीचे पातळ तेल वापरून ते हलक्या हाताने काढावे. पॉलिश, लिंबू किंवा घासणी कोरीवकामाला लावू नये, कारण एकदा बोथट झालेली रेघ परत येत नाही. पुढच्या वर्षी हळद-कुंकू पेटीला वाहावे आणि बंदुकीला केवळ फूल दाखवावे. चामड्याच्या मूळ पेटीत बंदूक पावसाळाभर ठेवू नये; चामडे ओल शोषते, म्हणून ती लाकडी किंवा पत्र्याच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवावी. मेळाव्याहून परतल्यावर त्याच संध्याकाळी नळ्या पुसाव्यात, बाहेरचे घामाचे ठसे तेलाच्या फडक्याने काढावेत आणि दुसऱ्या दिवशी नळ्यांतून पुन्हा एकदा कापड फिरवावे, कारण राहिलेली काजळी बहुधा त्या दुसऱ्या कापडावरच येते.