पणजोबांचा १९२८ सालचा अर्ज: ‘पुन्हा कामावर घ्यावे’

प्रश्न: आजोळच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत हा कागद सापडला. नोव्हेंबर १९२८, गिरणीच्या मॅनेजरसाहेबांना, चक्क इंग्रजीत. पणजोबांना सहीसुद्धा मोडीतच यायची! लिहिलंय: आई वारली म्हणून गावी राहिलो, पोरं उपाशी आहेत, जुन्या चाकराला पुन्हा साच्यावर (मागावर) घ्यावं, साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी सदैव प्रार्थना करीन. वाचून कसंसंच झालं. एवढे लाचार होते का ते?

उत्तर १: अहो, ती भाषा अर्ज लिहून देणाऱ्याची. प्रार्थनेचं शेपूट तेव्हा सगळ्याच अर्जांना असायचं. तारीख बघा. मुंबईतला गिरण्यांचा मोठा संप एप्रिलमध्ये सुरू झाला, ऑक्टोबरात मिटला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. अर्जात ‘संप’ शब्द आहे का?

प्रश्नकर्ती: एकदाही नाही. आणि पणजोबांची आई तर १९४० नंतर गेली म्हणे!

उत्तर २: मग झालं तर, संप लपवायलाच आईची सबब. कामावर घेणं-काढणं बरंचसं जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हातात. त्याला दस्तुरी (लाच) दिल्याशिवाय साचा मिळणं कठीण, नाहीतर रोज सकाळी दाराशी बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळेल या आशेने उभं राहायचं. साहेबाला केलेला अर्ज वरवरचा. कागद उलटून पाहिलात?

प्रश्नकर्ती: आत्ता पाहिला. मागे पेन्सिलीने मोडीत दोन ओळी आहेत, शेवटी रुपयांचा आकडा. मोडी वाचणारं कुणी आहे का इथे? फोटो टाकते.